सहकुटुंब, सहश्वान

सुट्टीत लेकीकडे इंग्लंडला गेलेल्या मराठी आजी-आजोबांवर एका रविवारी हा प्रसंग हमखास येतो. लेक, जावई, साडेतीन वर्षांचा नातू आणि घरचा लॅब्रेडॉर असा सगळा लवाजमा ‘जेवायला’ म्हणून निघतो आणि थेट गुत्त्यात शिरतो. निदान आजींना तरी तसेच वाटते. तो गुत्ता नसतो, पब असतो, हे त्यांना पटेपर्यंत पहिला ग्लास रिकामा झालेला असतो. अशा नवख्यांच्या सोयीसाठी पुढील मार्गदर्शन.

आधी कुत्र्याचे बघावे, कारण ते सोपे आहे. कुत्र्याने पबमध्ये येऊ नये असा कायदा इंग्लंडमध्ये नाही. स्वयंपाकघरात त्याने पाऊल टाकू नये एवढा स्वच्छतेचा दंडक; बाकी पबमालकाची मर्जी. अंध माणसाला वाट दाखवणाऱ्या आणि तशाच मदतनीस कुत्र्यांपुढे तर २०१० च्या समानता कायद्यामुळे ही मर्जीही सहसा चालत नाही.

आत शिरताना कुत्रा पुढे ठेवावा. काउंटरमागची बाई माणसांकडे ढुंकूनही न पाहता त्याची विचारपूस करते: नाव काय, वय काय, जात कोणती. (जात इतक्या मोकळेपणाने विचारावी आणि कोणालाच राग येऊ नये, हे पाहून आजोबांना गहिवरून येते.) मग काउंटरवरच्या बरणीतून एक बिस्किट निघते, शेगडीजवळ पाण्याचे भांडे येते. कुत्रा टेबलाखाली अंग टाकतो आणि वरून काय पडते याची वाट पाहू लागतो. फ्राइज पडल्या तर हरकत नाही. सांडलेली बिअर मात्र चाटू देऊ नये. दारू त्याला बाधतेच, शिवाय बिअरला कडवटपणा देणारे हॉप्सही कुत्र्याला विषारी असतात. नाताळातल्या बेदाण्यांच्या पुडिंगपासूनही त्याला लांब ठेवावे. पबचे स्वतःचे मांजर आहे का, हेही आधी पाहून घ्यावे. लंडनच्या कॅरी स्ट्रीटवरच्या ‘सेव्हन स्टार्स’मध्ये मांजर गळ्यात पहिल्या राणी एलिझाबेथच्या काळातल्यासारखी झालर घालून बसत असे. अशा मांजरासमोर कुठल्याही लॅब्रेडॉरची डाळ शिजत नाही.

अपवाद वेदरस्पून या साखळीचा. तिथे सप्टेंबर २०१८ पासून मदतनीस कुत्रे सोडून बाकी सगळ्यांना दार बंद. कुत्रा शहाणा असला तरी जवळून जाणारे प्रत्येक मूल तसे असेलच असे नाही, त्यामुळे कंपनीचे अगदीच चुकले असे म्हणवत नाही.

आता मूल. हे प्रकरण कठीण.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात पोराच्या हातात जग देऊन त्याला बापाची बिअर आणायला पिटाळणे ही रोजची गोष्ट होती. १८८६ मध्ये १३ वर्षांखालच्या मुलाला तिथेच बसून पिण्यासाठी बिअर विकायला बंदी आली. १९०१ मध्ये १४ वर्षांखालच्या निरोप्याला सीलबंद बाटलीखेरीज काही द्यायचे नाही असे ठरले, आणि १९०८ च्या कायद्याने त्याला बारमधूनच हाकलले. मग कित्येक दशके बाप आत आणि पोरे बाहेरच्या पायरीवर, हातात लेमोनेड आणि वेफर्सचा पुडा. मोतीहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलला हे मुळीच पसंत नव्हते. ९ फेब्रुवारी १९४६ च्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये त्याने आपल्या मनातल्या आदर्श पबचे वर्णन केले. त्यात मुलांसाठी बागेत घसरगुंडी आहे, आणि ती मुले नियम मोडून हळूच आतही येतात. मुलांना, म्हणजे ओघाने बायकांनाही, बाहेर ठेवल्यामुळेच पबचे निव्वळ दारूचे अड्डे झाले, असा त्याचा आरोप होता. त्या काल्पनिक पबचे ‘द मून अंडर वॉटर’ हे नाव पुढे वेदरस्पूननेच आपल्या अनेक पबना दिले.

ऑर्वेलचे म्हणणे अखेर पटले, पण ते पटवले पैशाने. १ जुलै २००७ ला इंग्लंडमध्ये पबच्या आतली सिगारेट विझली, नुसते पिणारे गिऱ्हाईक रोडावले. शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या घरात असलेले पब आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरले आहेत. जे तगले त्यांतले पुष्कळ जेवणावर तगले. म्हणून मूल नेणाऱ्याने बसल्या बसल्या संडे रोस्ट मागवावा. रोस्टची ऑर्डर गेली की हाय चेअर येते, रंगीत खडू येतात, आणि नातू यॉर्कशायर पुडिंगच्या फुगीर वाटीत ग्रेव्ही भरून ती स्वेटरवर ओतेपर्यंत सगळे कौतुकाने बघत राहतात. कौतुकाची मुदत ताट उचलेपर्यंत. त्यानंतरही आई-बाप तिसरा पाइंट घेत बसले आणि पोर टेबलांमधून विमान होऊन धावू लागले, तर शेजारचे आजोबा पेपर खाली करून बघतात. ती नजर पोरासाठी नसते. पुष्कळ पब रात्री आठ-नऊनंतर मुलांना थांबू देत नाहीत; तेव्हा घड्याळावर लक्ष ठेवावे.

मूल सोळाचे झाले की जेवणासोबत, मोठ्या माणसाने विकत घेतलेली आणि त्याच्या देखत, बिअर किंवा वाइन ते कायदेशीरपणे पिऊ शकते. महाराष्ट्रात कडक दारूच्या परवान्याला पंचविशी उलटावी लागते, हे त्या वेळी आजोबांनी बोलून दाखवू नये.

निघताना मोजदाद करावी. कुत्र्याचा पट्टा हातात असतो, त्यामुळे तो राहत नाही. मूल राहते. २०१२ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून बकिंगहॅमशरमधल्या ‘प्लाउ’ पबमधून रविवारचे जेवण उरकून दोन गाड्यांतून घरी परतले. मुलगी आईबरोबर आहे असे त्यांना वाटले, बापाबरोबर आहे असे आईला. आठ वर्षांची ती मुलगी पबच्या स्वच्छतागृहातून बाहेर आली तेव्हा दोन्ही गाड्या गेल्या होत्या. आई परत येईपर्यंत ती पबच्या कर्मचाऱ्यांजवळ होती. तीन वर्षांनी कॅमेरून त्याच पबमध्ये चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांना बिअर पाजायला घेऊन गेले. त्यांना मात्र आठवणीने परत नेले.