साठीतल्या बुवांचं आगगाडीशी लफडं

वहिनी, आधी दाराला कडी घाला आणि मग ऐका. इकडे विलायतेत चांगल्या घरचे, पेन्शनीत निघालेले, नातवंडांचे आजोबा झालेले पुरुष कसल्या नादाला लागलेत हे कळलं तर तुम्ही तोंडाला पदर लावाल. दारू म्हणावी तर बेताची, जुगार म्हणावा तर लॉटरीच्या तिकिटापुरता, आणि बाई म्हणाल तर तिच्याकडे बघायला यांना सवडच नाही. आगगाड्या! टेबलावरच्या, वीतभर इंजिनांच्या! कुणाच्या माळ्यावर अख्खं जंक्शन आहे. कुणाच्या गॅरेजमध्ये मोटार सोडून सगळं आहे: बोगदा, पूल, मालधक्का आणि फलाटावर ताटकळत उभी असलेली नखाएवढी माणसं. त्या माणसांना गाडी वेळेवर मिळते हो. आम्हाला मिळत नाही.

मला ही आतली बातमी कशी, तर शनिवारी मी हिशेब लिहायला बसते ते दुकानच या पापाचं आहे. नाव सांगत नाही, उगाच बोभाटा नको. मिडलँड्समधल्या एका गावात, चष्मेवाला आणि न्हावी यांच्या मधला अरुंद गाळा. पुढे काचेची कपाटं, मागच्या खोलीत दुरुस्तीचं टेबल आणि तिथे डोळ्याला भिंग लावून बसलेला मालक. मालक सज्जन. पण गिऱ्हाईकं! डॉक्टर, वकील, एक निवृत्त हेडमास्तर, झालंच तर चर्चमधले पाद्रीबुवा. पाद्र्यांची तर म्हणे परंपराच आहे. तुमच्या नातवाला आवडतो ना तो थॉमस नावाचा निळा इंजिनबाळ, त्याच्या गोष्टी लिहिणारे रेव्हरंड ऑड्री स्वतः मॉडेल रेल्वे घेऊन प्रदर्शनं गाजवायचे. आता बोला!

पहिली भानगड पावतीची. बऱ्यापैकी नवं इंजिन दोनशे पौंडांच्या पुढे सहज जातं. तुमच्या रुपयांत करू नका, घेरी येईल. मग हे लोक पैसे रोख देतात, पावती तिथेच फाडतात आणि चकचकीत खोका दुकानात ठेवून जुन्या खोक्यात नवं इंजिन घालून नेतात. एका महाशयांची तर कमाल. त्यांचं एक मोडकं इंजिन आमच्याकडे कायम दुरुस्तीला पडलेलं असतं, आणि ते दुरुस्त करायचं नाही अशी सक्त ताकीद आहे. दर वेळी नवं इंजिन न्यायचं आणि घरी दुरुस्तीची चिठ्ठी दाखवायची. त्यांच्या बाईंची समजूत अशी, की नवऱ्याकडे इंजिन एकच आहे आणि ते सारखं बिघडतं. मागे एकदा त्या बाई स्वतः दुकानात आल्या. म्हणाल्या, ‘बिचाऱ्याला वाढदिवसाला एक नवं घेऊन देते.’ मी हिशेबाच्या वहीत मान घातली ती वर काढलीच नाही.

तुम्ही म्हणाल, बायकोला फसवणारे चारदोन सगळीकडेच असतात. अहो, पण थोरामोठ्यांचं काय? तो गायक रॉड स्टुअर्ट, आयुष्यभर सोनेरी केस आणि सोनेरी बायका यांसाठी गाजलेला. २०१९ साली ‘रेल्वे मॉडेलर’ मासिकातून जगाला कळलं, की या गृहस्थांनी वीसहून जास्त वर्षं खपून १२४ फूट लांब आणि २३ फूट रुंद रेल्वे उभी केलीय. गेल्या शतकातल्या चाळीसच्या दशकातली अमेरिकन शहरं, गगनचुंबी इमारती, गिरण्यांची धुरांडी. गाण्याच्या दौऱ्यावर गेला तरी हॉटेलात या कामासाठी वेगळी खोली घ्यायचा. चाहते बाहेर उभे, आणि हा आत इमारतींना रंग देतोय! रेडिओवरच्या निवेदकानं नुसतं सुचवलं, की हे काम दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असेल, तर यानं थेट कार्यक्रमात फोन लावला. नव्वद टक्के मी स्वतः केलंय, विजेचं तेवढं दुसऱ्याकडून करून घेतलं, असा खुलासा. इतर आरोपांवर एवढ्या तातडीनं खुलासा केल्याचं ऐकिवात नाही.

आणि वॉल्ट डिस्ने? १९५० साली लॉस एंजेलिसच्या बंगल्याच्या आवारात मोठ्या माणसानं बसून हिंडायची छोटी रेल्वे घातली, खऱ्या वाफेवरची. बायकोनं बागेवरून हरकत घेतली तर तिच्या फुलांच्या वाफ्याखालून बोगदा खणला आणि बायकोमुलींशी जमीन वापरायचा लेखी करारच केला. वर इंजिनाला बायकोच्या नावावरून नाव दिलं, लिली बेल. रागवायची तरी कशी ती बाई!

आता भांडणांकडे येते. तुम्हाला वाटेल, एका छंदातली माणसं, एकोप्यानं राहत असतील. छे! इथे २.३३ मिलिमीटरवरून सोयरिकी मोडतील अशी वैरं आहेत. त्याचं असं, की इथलं सगळ्यात चालणारं माप ओओ, म्हणजे खऱ्या गाडीच्या सुमारे ७६वा हिस्सा. १९३८ साली हॉर्नबी डब्लो गाड्या आल्या आणि ओओ घरोघर पसरलं. या मापानं रूळ एकमेकांपासून १८.८३ मिलिमीटर हवेत, पण असतात १६.५. म्हणजे वरची गाडी एका मापाची आणि खालचे रूळ दुसऱ्याच! जर्मन आणि इतर युरोपीय लोक ८७वा हिस्सा धरतात, त्याला १६.५ चोख बसतं. पण ब्रिटिश इंजिनं मुळातच अंगानं लहान. ८७व्या हिश्श्यात त्या काळची मोटर पोटात मावेना. मग यांनी इंजिन फुगवलं आणि रूळ तसेच ठेवले. हिशेब केला तर गाडी खऱ्यापेक्षा सात इंच अरुंद रुळांवरून धावतेय. पुढून बघा, मोठ्या धडाखाली पाय जवळ घेऊन उभी असल्यासारखी दिसते.

बहुतेकांना त्याचं काही वाटत नाही. पण काही सोवळे निघाले. त्यांनी ईएम पंथ काढला, त्याचे रूळ आता १८.२ मिलिमीटरवर असतात. त्यांच्याहून कडक सोवळ्यांना तेही खपेना, त्यांनी पी-फोर काढून १८.८३च धरलं, केसभरही इकडेतिकडे नाही. आता यांची चाकं त्यांच्या रुळांवर चालत नाहीत, रोटीबेटी व्यवहार बंद. पी-फोरवाला आमच्या दुकानात येतो तेव्हा ओओच्या कपाटाकडे अशा नजरेनं बघतो, जणू चातुर्मासात कांदा चिरताना कुणाला पकडलंय. आणि खरी गंमत माहितीय? दोघांचीही इंजिनं बिघडली की एकाच टेबलावर येतात.

त्या टेबलाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण घराघरातली खरी भानगड तिथे उघडी पडते. मालक इंजिनाचा तळ उघडतो आणि आसांना गुंडाळलेला कचरा चिमट्यानं ओढून काढतो. गालिच्याचे धागे, मांजराचे केस, विणकामाची लोकर. कुणी जमिनीवरच रूळ मांडतो, कुणाच्या घरात कुत्रं आलंय, सगळं कळतं. एका टक्कल पडलेल्या विधुर आजोबांच्या इंजिनाच्या आसाला लांबलचक लाल केस निघाला. ‘नातीचा,’ आजोबा म्हणाले. मी काही बोलले नाही.

बाकी रोग ठरलेले. चाकांवर काळा थर चढतो, मग रुळातली वीज आत पोचत नाही आणि इंजिन अडखळतं. मालक लोकांना कंठरवानं सांगतो, की तेल थेंबभर, तेही सुईच्या टोकानं. पण प्रेम ऊतू जातं ना! लोक अभ्यंगस्नान घालतात, ते तेल मोटरच्या आत कम्युटेटरवर उतरतं, कार्बन ब्रशची भुकटी त्यात कालवली जाते आणि गाडी ठप्प. मग स्पिरिटनं पुसायचं, फटी कोरायच्या, ब्रश बदलायचे. कधी आसावरचा प्लास्टिकचा गिअर तडकतो, मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टक, टक. वाफेच्या इंजिनांची आणखी एक खोड. डाव्या आणि उजव्या चाकांवरच्या दांड्याच्या खुंट्या एकमेकींशी काटकोनात लागतात. कुणी हौसेनं चाक काढून अंदाजानं परत ठोकलं की इंजिन लंगडत चालतं. मालक विचारतो, ‘उघडलं होतं का?’ डॉक्टर असो नाहीतर पाद्री, उत्तर एकच: ‘नाही हो, आपोआप झालं.’ पाद्रीबुवासुद्धा!

हल्ली तर इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाची चिप बसवतात. त्यामुळे एकाच रुळावर चार इंजिनं वेगवेगळ्या हुकमांनी चालतात, शिट्ट्या मारतात, उसासे टाकतात. काहींमध्ये तेल तापवून खोटा धूर काढायची सोयही असते. पण उलटी तार जोडली आणि डिकोडर जळाला की निघतो तो धूर खरा. खोट्या धुराला पैसे मोजणारा माणूस खऱ्या धुरानं रडकुंडीला येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

इथपर्यंत ऐकून तुम्ही हसत असाल. पण ज्याला खरोखर निर्लज्जपणा म्हणावा तो पुढेच आहे. वहिनी, यातले कित्येक जण गाडी चालवतच नाहीत! आणतात, खोक्यासकट कपाटात ठेवतात आणि कुलूप लावतात. कारण न वापरलेलं, मूळ खोक्यातलं इंजिन म्हणे जास्त किमतीला जातं. जुन्या डब्लोच्या नुसत्या रिकाम्या खोक्यांनाही गिऱ्हाईक आहे, आणि हुबेहूब नकली खोके छापून विकणारेही आहेत. बघा, वधू राहिली बाजूला आणि शालूचा लिलाव! मोठ्या माणसांनी खेळण्याशी खेळावं यात मला काही लाजिरवाणं वाटत नाही. खेळणं आणून खेळूच नये, ही मात्र शरमेची गोष्ट.

पण देव आहे हो. कुलूपबंद इंजिनातलं ग्रीस वर्षानुवर्षं बसून घट्ट होतं आणि तो कुलूप लावणारा गेल्यावर मुलानं हौसेनं रुळावर ठेवलं की ते ‘नव्वंकोरं’ इंजिन जागचं हलत नाही. त्याहून वाईट म्हणजे जस्ताचा रोग. सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा ओततात, त्यात शिशाची भेसळ राहिली की धातू आतून फुगतो, भेगा पडतात. खोका उघडावा तर आत शिळ्या अनारशासारखा भुगा! शंभर वर्षांपूर्वीच्या खेळण्यांना हा रोग होता आणि अलीकडच्या महागड्या मालातही निघाला. यावर औषध नाही. जी इंजिनं धावली, पडली, आपटली, त्यांना निदान सुखाचे दिवस तरी मिळाले.

आणि या कुलूपवाल्यांवर दुकानं जगत नाहीत. त्यांचं इंजिन बिघडत नाही, निदान तसं त्यांना कळत नाही, म्हणून ते मागच्या खोलीत कधी येतच नाहीत. नवा माल तर दुकानाला वळसा घालूनही घरी पोचतो. हॉर्नबी कंपनीनं २०२२ साली टीटी:१२० मापाच्या गाड्या काढल्या आणि सुरुवातीला दुकानदारांना बाजूला ठेवून थेट गिऱ्हाइकाला विकल्या. १९४६पासून चाललेल्या हॅटन्ससारख्या मोठ्या दुकानानं २०२४च्या जानेवारीत गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मग आमच्या अरुंद गाळ्याचं भाडं कशातून निघतं? तेल ओतणाऱ्यांतून, चाक ठोकणाऱ्यांतून, तार उलटी जोडणाऱ्यांतून. वही माझ्याच हातात आहे, मला ठाऊक आहे.

शिव्या पुरे, एक चांगलंही सांगते. २०१९च्या मे महिन्यात लिंकनशायरमधल्या स्टॅमफर्ड गावी मार्केट डीपिंगच्या रेल्वे क्लबाचं प्रदर्शन एका शाळेत मांडलं होतं. रात्री काही पोरांनी आत शिरून सगळ्याचा चुराडा केला. काहींची वर्षानुवर्षांची मेहनत जमिनीवर. क्लबानं मदत मागितली पाचशे पौंड. जमले एक लाखाच्या वर. आपला तो रॉड स्टुअर्ट, त्यानं एकट्यानं दहा हजार दिले. एरवी २.३३ मिलिमीटरवरून तोंड न बघणारे तेव्हा एक झाले. लोकांना दाखवायला बाहेर काढलेल्या गाड्या होत्या ना त्या. कुलूपबंद कपाटासाठी एवढं कोण रडलं असतं?

आणि हे ऐकायला विलायतेत कशाला यायला हवं? तुमच्या कोथरूडातच बघा. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभर गाड्या केल्या आणि १९९८ साली लहान रेल्वेचं संग्रहालय लोकांसाठी उघडलं. तिथे गाड्या धावतात, सिग्नल पडतात, पोरं काचेला नाक लावून बघतात. पुणेरी माणसानं चीज दाखवावी आणि चालवूनही दाखवावी, वर दुपारी बंद आहे का ते आधी विचारून जावं, यात कसली भानगड? दादाला घेऊन जा एकदा. निवृत्तीनंतर तो तुमच्या स्वयंपाकघरात डबे मोजत बसतो म्हणालात ना? मग आगगाडीचे मोजू दे.

फक्त अट घाला. आणलं ते पेटीबाहेर काढायचं आणि रुळावर धाववायचं. पडू दे, आपटू दे, खरा धूर निघू दे. मग खुशाल आमच्याकडे पाठवा. पावती मी स्वतः लिहीन, आकडा खरा लिहीन, आणि दादाला नाही, तुम्हालाच पाठवीन.