केबिनला येऊन भेटा

वढू बुद्रुकचा माणूस साहेबाच्या शिव्यांना भीत नाही. शिवी कळते. ती कशाबद्दल आहे, किती वेळ चालेल आणि संपल्यावर चहा मिळेल की नाही, याचा अंदाज बांधता येतो. तो भितो ते शिफ्ट सुटताना मोबाइलवर येणाऱ्या एका ओळीला : ‘उद्या केबिनला येऊन भेटा.’ पुढे ना कारण, ना वेळ, ना तो पिवळा हसरा चेहरा.

गावातली बरीच मंडळी सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यातल्या कंपन्यांत जातात. मीही जातो, क्वालिटी डिपार्टमेंटला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पगार अजून तिथूनच होतो. मागे आमच्या आळीतल्या एका वेल्डरला हा मेसेज आला. बस नेमकी कोरेगाव भीमाच्या चौकात अडकलेली, म्हणजे विचार करायला वेळच वेळ. घरी पोचेपर्यंत गड्याने मनातल्या मनात स्वतःला कामावरून काढलं होतं, ट्रॅक्टरचे हप्ते थकवले होते आणि थोरलीचं कॉलेज बंद केलं होतं.

“काय झालं वं?” बायकोने विचारलं.

“काय न्हाय.”

“काय न्हाय म्हंजी हाय कायतरी.”

तो ताटावरून अर्धपोटी उठला आणि बातमी घरभर झाली. आईने रांजणगावच्या महागणपतीला नवस बोलला. शिक्रापूरच्या दाजींनी फोनवरून सल्ला दिला, “लिवून कायबी दिऊ नगा. सही तर अजाबात करू नगा.” चुलत्यांनी कायद्याचं अंग सांभाळलं, बांधाच्या भांडणात त्यांची उमर कोर्टात गेलेली, त्यामुळे ‘स्टे’ हा शब्द त्यांच्या तोंडून आपोआप येतो. रात्री उशिरा वेल्डर, त्याची आई आणि चुलते माझ्या दारात. “तुमी क्वालिटीत हायसा. आतलं तुमाला म्हाईत आसंल.”

सकाळी तो इस्त्रीचा युनिफॉर्म घालून केबिनमध्ये गेला. साहेब खुर्चीवरून उठून म्हणाले, “ये ये. अरे, तुमच्या शिरूर-दौंड भागात गुऱ्हाळं आहेत ना? चांगली काकवी मिळेल का दोन किलो? केमिकल नसलेली.”

काकवी मिळाली. साहेब खूश झाले. नवस फेडायला मात्र सगळं घर रांजणगावला जाऊन आलं आणि त्या खर्चाला आमच्या अकाउंट्समध्ये अजून हेड नाही.

हे साहेब वाईट नाहीत, ही यातली खरी अडचण. वाईट साहेब ओळखू येतो, त्याच्यापासून चार हात लांब राहता येतं. आमचे साहेब सज्जन आहेत. ‘काकवीबद्दल बोलायचं आहे’ एवढे शब्द लिहायचा त्यांना कंटाळा आला, आणि त्या कंटाळ्याचं बिल एका घराने रात्रभर जागून भरलं. साहेबाचा शब्द साहेबाच्या तोंडातून निघताना हलका असतो. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर त्याचं वजन वाढत जातं आणि शॉपफ्लोअरवर पोचेपर्यंत तो उचलायला क्रेन लागते.

आता असं नाही की कंपनीला आमच्या मनाची काळजी नाही. 4 मार्चला, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, आम्ही हात पुढे करून शपथ घेतो. गॉगल, बूट, हेल्मेट, इअरप्लग यांची वर्षाची सोय त्यात होते. मनाची पाळी 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी. 2024 साली या दिवसाचा विषयच ‘कामाच्या ठिकाणचं मानसिक आरोग्य’ असा होता, तेव्हापासून आमच्या एचआरला जोर चढलाय. नैराश्य आणि चिंता यांपायी जगात दरवर्षी कामाचे 1,200 कोटी दिवस वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज त्यांनी पडद्यावर दाखवला. मागच्या रांगेतून एकाने विचारलं, “ह्यातलं विदाऊट पे किती?”

मग कॅन्टीनमध्ये योगाचे सर आले. सेकंड शिफ्टची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यातली वीस मिनिटं दीर्घ श्वासात गेली. उरलेल्या दहा मिनिटांत दोनशे माणसं डाळ-भाताच्या एका खिडकीशी उभी राहिली तेव्हा जे श्वास ऐकू आले ते योगातले नव्हते. भिंतीवर टेलि-मानसचा 14416 हा नंबर लावला. ही सरकारी सेवा 2022 पासून आहे, चोवीस तास आहे, फुकट आहे आणि खरंच कामाची आहे. फक्त आमचे मोबाइल गेटवर सिक्युरिटीच्या कपाटात जमा असतात. नंबर पाठ करून घरी न्यायचा, असं ठरलं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2022 च्या सप्टेंबरात कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत आधी कामाची रचना सुधारायला सांगितलंय : कामाचा बोजा, वेळा, कामात स्वतःचं काही म्हणणं असणं. मग मॅनेजर मंडळींना शिकवायला. श्वास, व्यायाम वगैरे त्यानंतर. त्याच्या आदल्या वर्षी, 2021 मध्ये, आयएसओ 45003 नावाचं मानकही आलं. तेही थोडक्यात हेच म्हणतं की धोका कामात शोधा, माणसात नव्हे. आमच्याकडे सगळे कागद शेवटच्या पानापासून वाचायची पद्धत आहे, सही तिथेच करायची असते ना. त्यामुळे योगापर्यंत पोचून वाचन थांबलं.

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. ‘मोकळेपणाने बोला’ हे वाक्य परमनंट माणसाला सांगणं वेगळं आणि ठेकेदाराकडच्या पोराला सांगणं वेगळं. 240 दिवस भरायच्या आत ‘ब्रेक’ मिळणार हे ज्याला भरतीच्या दिवसापासून माहीत आहे, तो कशाला मोकळा होईल? त्याची मनःशांती ठेकेदाराच्या सुपरवायझरच्या एका मिसकॉलवर टांगलेली. यावर कुठल्याही मॅनेजरकडे जादू नाही, पण ‘तुझा ब्रेक अमुक तारखेला आहे, नंतर पुन्हा घेणार आहोत’ किंवा ‘घेणार नाही’, एवढं महिनाभर आधी सांगायला फुंकर मारण्यापेक्षा जास्त श्रम पडत नाहीत. वाईट बातमीला माणूस तोंड देतो. अर्धवट बातमीला कुठून तोंड द्यायचं?

टोयोटाच्या कारखान्यातल्या दोरीची गोष्ट आम्हाला प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतात. काही चुकतंय असं दिसलं की लाइनवरच्या कुठल्याही कामगाराने ती ओढायची. टीम लीडर धावत येतो, आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. आमच्या लाइनवर दोरीऐवजी बटण आहे. नवंकोरं आहे. ऑडिटच्या आदल्या दिवशी त्याच्यावर फडकं फिरवतात, तेवढाच त्याला माणसाचा हात. एका ट्रेनीने ते एकदा खरंच दाबलं, तर तीन साहेब धावत आले आणि तिघांनीही एकच विचारलं, “कुणी दाबलं?”

त्यासाठी जपानला जायची गरज नव्हती. दौंडकडच्या कुठल्याही गुऱ्हाळावर संध्याकाळी उभं राहावं. गुळव्या म्हणजे तिथला जनरल मॅनेजर. पाक कधी उतरवायचा हे त्याचे डोळे सांगतात, आणि त्याच्याशी मालकही अदबीने बोलतो. पण चुलवाणात चिपाडं सारणारं पोरगं “आवं, काहील उतू चालली!” म्हणून बोंबललं, तर गुळव्या आधी काहिलीकडे पळतो. पोराची पदवी, अनुभव आणि बोलण्याची रीत यांची चौकशी गूळ वाचल्यावर. बहुतेक वेळा तीही राहून जाते.

आमच्या गावात छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. त्यामुळे मॅनेजमेंटवर व्याख्यानं देणारे पाहुणे इकडे आले की दर्शन घेऊन जातात आणि मग कंपनीत येऊन ‘स्वराज्यातलं व्यवस्थापन’ सांगतात. पडद्यावर तलवारी, किल्ले, भगवे झेंडे. मला यातल्या कुणी चिपळूणजवळच्या हलवर्णच्या छावणीला शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र दाखवावं असं फार वाटतं. जुमलेदार, हवालदार, कारकून अशा अगदी आमच्या शिफ्ट इनचार्जच्या दर्जाच्या माणसांना ते लिहिलंय. पावसाळा काढायचाय, दाणावैरण आत्ताच उधळलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील. रयतेला त्रास द्याल तर ती मोगल बरे म्हणेल. आणि रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून गवतात नेईल. उंदीर! एवढं राज्य सांभाळणारा माणूस उंदरापर्यंत विचार करून ठेवतो, का ते सांगतो, काय होईल ते सांगतो. ‘जरा बघून घ्या’ असं मोघम लिहून हवालदाराला रात्रभर तळमळत ठेवत नाही.

आता बी-लाइनच्या मॅडमबद्दल. बार्शीकडच्या आहेत, बोलणं मऊ नाही. शिफ्टच्या सुरुवातीला “आज कुठं अडतंय?” एवढंच विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत जागच्या हलत नाहीत. बोलवायचं असेल तर निरोप असा : ‘चहानंतर ये, रजेच्या अर्जाचं आहे, काळजी नको.’ नाइट शिफ्ट संपवून गेलेल्याला दुपारी फोन करत नाहीत. कुणी गप्प गप्प दिसला तर सगळ्यांसमोर “काय रे, मूड का ऑफ?” असं न विचारता त्याला स्टोअरमध्ये सामान मोजायला बरोबर नेतात. सामान कधीच कमी भरत नाही. पोरगं मात्र येताना हलकं झालेलं असतं.

एकदा एका पोराने स्वतः येऊन सांगितलं, “मॅडम, फिक्स्चर उलटं लावलं व्हतं मी. सकाळपासनं.” लाइन गप्प झाली. मॅडम म्हणाल्या, “बरं झालं आत्ता बोललास, गाडी भरून गेली असती. चल, कुठून वेगळे काढायचे ते दाखव.” रागावल्या नाहीत असं नाही, माल वेगळा काढून झाल्यावर, दार लावून, व्यवस्थित रागावल्या.

त्यानंतर गंमत अशी झाली की बी-लाइनवरच्या चुकांचा आकडा भराभर वाढू लागला. लोक सांगायलाच लागले. बाकीच्या लाइनींवर महिन्याला दोन चुका, आणि त्या दोन्ही पावसाच्या. थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या कार्डांचंही तेच. आमच्याकडे त्या कार्डांना टार्गेट असल्यामुळे इतर विभाग महिनाअखेरीस जिन्यावर केळ्याची सालं कल्पून घेतात. बी-लाइनची कार्डं मात्र खरी निघाली : सैल बोल्ट, गळणारं ऑइल, फोर्कलिफ्टचा न वाजणारा हॉर्न.

मॅडमकडे लेखी खुलासा मागण्यात आला. ‘आपल्या लाइनवर चुका सर्वाधिक का?’

हार्वर्डच्या एमी एडमंडसन या बाईंनाही 1990 च्या दशकात असाच धक्का बसला होता. हॉस्पिटलांतल्या औषधांच्या चुका मोजायला गेल्या, तर चांगल्या टीममध्ये चुका जास्त निघाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत नाहीत, सांगितल्या जास्त जातात. त्या बाईंचं पुढे जगभर नाव झालं. आमच्या मॅडमना स्मरणपत्र आलं.

खुलासा त्यांनी एका ओळीत दिला : ‘चुका इतरत्रही आहेत, आमच्या सापडतात.’ सोबत गिऱ्हाइकाच्या तक्रारींचा तक्ता जोडला. बी-लाइनच्या रकान्यात काही लिहिलेलंच नव्हतं. साहेबांनी तो तक्ता बराच वेळ पाहिला. साहेब सज्जन आहेत, हे मी म्हणालोच. त्यांनी ताबडतोब ठरवलं की हे मॉडेल सगळ्या कंपनीत राबवायचं.

आता ‘मोकळेपणा नोंद फॉर्म’ आलाय. तीन प्रती, मधला कार्बन आपला. प्रत्येक कामगाराने महिन्यातून किमान दोनदा मोकळेपणाने बोलणं बंधनकारक आहे. रकाने असे : नाव, टिकिट नंबर, कोणाविषयी बोलायचं आहे, त्या व्यक्तीची सही. दोनपेक्षा कमी बोलणाऱ्यास विभागप्रमुखांसमोर कारण द्यावं लागेल. आमच्या वेल्डरने पहिला फॉर्म परवा भरला. ‘कोणाविषयी’च्या रकान्यात त्याने साहेबांचं नाव लिहिलं, आणि खाली स्वच्छ अक्षरात मजकूर : ‘काकवीचे पैसे राहिलेत.’