लांब म्हणजे किती लांब, सेक्रेटरी साहेब?

माननीय सेक्रेटरी साहेब,


रविवारी तुम्ही इतिहास घडवलात. आपल्या मागच्या दोन वार्षिक सभा कोरमअभावी तहकूब झाल्या. दोन्ही वेळा अर्ध्या तासाने त्याच जागी तुम्ही, खजिनदार आणि मी अशा तिघांनी हिशेब मंजूर केले. या रविवारी मात्र स्टिल्टमध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत, माणसं स्कूटरच्या सीटवर बसली. टँकरच्या पाण्याने हे साधलं नव्हतं, चार महिने बंद पडलेल्या लिफ्टनेही नाही. मागच्या बंगल्यात तीस खाटांचं व्यसनमुक्ती केंद्र येतंय, एवढ्या बातमीने साधलं.

केंद्राविरुद्धचं निवेदन छान उतरलंय. महिला-मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा तर बिनतोड. पळस्पे फाट्यावरच्या परमिट रूमसमोरून आपल्या मुली रोज रात्री वाट काढत येतात, त्यासाठी तुम्ही कधी सभा बोलावली नाहीत, ते असो. फ्लॅटचे भाव पडतील हेही खरं असेल. विमानतळाच्या नावावर चढलेले भाव तीस खाटांनी उतरणार असतील, तर ते उभे कशावर होते हे एकदा बिल्डरला विचारू.

माझी झोप उडवली ती शेवटून दुसऱ्या ओळीने. ‘सदर केंद्र वस्तीपासून लांब, निसर्गरम्य ठिकाणी हलवावे.’

लांब! साहेब, आपण राहतो कुठे? तुम्ही मूळचे करी रोडचे. चाळीतल्या खोलीचे पैसे तीन भावांत वाटले गेले, तुमच्या वाट्यात मुंबईत मोरीसुद्धा येईना, तेव्हा ‘जरा लांब आहे, पण हवा चांगली’ म्हणत तुम्ही इथे आलात. दर गणपतीत तुम्हीच सांगता. मुंबईला जे जड होतं, ते ती खाडीपलीकडे सरकवते, आणि पनवेल तालुका त्या वाटेवरच पडतो. कुष्ठरोग निवारण समिती १९५१ सालची. तिचं शांतिवन नेऱ्याला आहे, तेव्हा ते लांबच होतं. आता नेऱ्यापर्यंत इमारती पोचल्यात आणि त्यांच्या जाहिरातींत ‘निसर्गरम्य’ हाच शब्द असतो. तो तुम्ही तिथूनच उचललात का?

डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांसाठी दहिसरला केंद्र काढलं, तेव्हा शेजारी हायकोर्टात गेले. आणि हरले. पुढे २००६ मध्ये त्यांच्या श्रद्धा फाउंडेशनचं मोठं केंद्र कर्जतला झालं, २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे मिळाला. ती बातमी तुम्हीच आपल्या ग्रुपवर टाकली होतीत, तिरंग्यासकट. कर्जत लांब आहे ना! पुण्यात मुक्तांगण १९८६ मध्ये सुरू झालं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. तिथे एनओसी अडवणारं कोण होतं? शेजारी सगळे आधीच लांब ठेवलेले.

आणि तुमचं करी रोड! २०२१ मध्ये म्हाडाच्या शंभर सदनिका टाटा रुग्णालयाला द्यायच्या ठरल्या. परळच्या फुटपाथवर झोपणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांची आणि नातेवाइकांची सोय व्हावी म्हणून. रहिवाशांचा विरोध स्थानिक आमदारांनी कळवला, जूनमध्ये मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली आणि मग बॉम्बे डाइंगच्या आवारातल्या सदनिका पुढे आल्या. आधीच्या सदनिका ज्यांत होत्या, त्या करी रोडच्या सोसायट्यांची नावं सुखकर्ता आणि विघ्नहर्ता. मी रचून सांगत नाही.

बरं, आपल्याहून लांब काय, तेही पाहून ठेवलंय. गोव्याच्या रस्त्याला पुढे शिरढोण. ते वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव, तिथे निवेदनं जरा जपून न्यावीत. त्यापुढे कर्नाळा अभयारण्य. पक्ष्यांची सोसायटी नोंदणीकृत नसल्याने हरकत यायची नाही.

सभेत मी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १९ काढलं. मानसिक आजार असलेल्याला समाजात राहण्याचा, त्यातून वेगळं न काढलं जाण्याचा हक्क त्यात दिलाय. तुम्ही म्हणालात, ‘ते आजाऱ्यांसाठी. हे दारुडे.’ टाळ्या पडल्या. कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांमुळे जडलेल्या मानसिक अवस्थाही येतात, हे माझं वाक्य त्यात बुडालं. पण कायदा राहू द्या. अहो, तो माणूस सोडायला येतोय! प्यायचीच असती तर फाट्यावर बसला असता, आणि तिथे त्याच्याकडे कोणी वळून पाहिलं नसतं. तो सोडतो म्हणाला आणि तुमच्या लेखी गुन्हेगार झाला? लाज वाटली मला त्या टाळ्यांची.

हे पत्र इथेच संपणार होतं. पण सभेनंतर खुर्च्या रचायला आपण दोघंच उरलो. माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, ‘धाकट्या भावाला ठेवला होता सात महिने. लांब होतं. महिन्यातून एकदा भेट, तीही ऑफिसात, त्यांचा माणूस शेजारी बसवून. घरी आला तर शर्ट काढेना. पाठ दाखवेना.’ वरची खुर्ची वाकडी बसली होती. ती काढून तुम्ही पुन्हा नीट बसवलीत आणि जिन्याने वर गेलात.

साहेब, हे माइकवर का नाही बोललात? मी तुमच्याशी तासभर भांडलो ते फ्लॅटच्या भावावरून, आणि तुमच्या डोक्यात ती पाठ. भावाच्या त्या लांबच्या केंद्रावर कोणाची गॅलरी उघडत नसणार. या बंगल्याच्या अंगणावर माझी उघडते, तिसऱ्या मजल्यावरून, कपडे वाळत घालताना सगळं दिसतं. केंद्राची नोंदणी आहे का, डॉक्टर खरंच येतो की पाटीवरच असतो, भेटीच्या वेळी शेजारी कोण बसतो, हे खडसावून विचारणारा माणूस आख्ख्या पळस्प्यात तुमच्याशिवाय कोण आहे? केंद्राच्या परवानगीच्या अर्जासोबत ते प्रश्न जाऊ देत. लिहायला मी बसतो.

एक कबुली राहिली. निवेदनावर बेचाळीस नंबरची सही माझी आहे. हातात भाजीची पिशवी होती, वॉचमनने पेन पुढे केलं, मी वाचलंसुद्धा नाही. तेवढी खोडून टाका. शेऱ्याच्या रकान्यात ‘लिफ्ट कधी?’ असं लिहिलंय, ते राहू द्या.

आपला,
फ्लॅट नं. ३०४