मागं एकाची जागा

आमच्या हिंगोली जिल्ह्यात मोटरसायकलीला हंगाम असतो. सोयाबीन निघालं की दसऱ्याचा, आणि हळद शिजून, वाळून, पॉलिश होऊन निघू लागली की पाडव्यापासून पुढचा. शोरूमच्या काचेआड गाड्या बारा महिने उभ्याच असतात, पण त्यांच्याकडे बघणाऱ्याची नजर मोंढ्यातल्या भावाबरोबर वरखाली होते. भाव पडलेले असले की माणूस नव्या गाडीच्या आरशात स्वतःचा भांग पाहतो आणि बाहेर पडतो. वधारले की तोच माणूस खुर्चीत टेकून चहाची वाट बघतो. २०२५ साली २२ सप्टेंबरला, नेमके घट बसले त्या दिवशी, साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाक्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. किंमत उतरली, जाहिराती झळकल्या, आणि त्याच दिवसांत मराठवाड्यात पाऊस असा कोसळला की काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. दिल्लीत कर उतरला, इथं पाणी चढलं. स्वस्त झालेली वस्तूही परवडू नये अशी सोय आमच्याकडे आभाळच करून ठेवतं.

मी पेन्शनर. माझ्या पैशाला ना रोहिणी लागते ना मृग. तरी चारचौघांच्या आधी नवी गाडी दारात लावणं बरं दिसेना, म्हणून पाडव्यापर्यंत थांबलो. शोरूममध्ये गर्दी होती. वसमतकडचे एक गृहस्थ थोरल्या लेकाला आणि हातातल्या पिशवीला सारखंच सांभाळत एका काळ्या गाडीभोवती फिरत होते. घरून तसेच आले असावेत. नखांच्या कडा, बोटांच्या पेरांवरच्या रेषा, सगळं पिवळंधमक. त्यांनी काळ्याभोर टाकीवरून हात फिरवला आणि पाच बोटं उमटली. शोरूमच्या पोरानं लगबगीनं फडकं मारलं. गृहस्थांनी पुन्हा हात ठेवला. तोवर शेजारच्या गाडीवर आणखी कुणाची बोटं उठली होती. पोरगं बिचारं पुसत होतं आणि मी मनात म्हणत होतो, अरे, राहू दे की. लग्नघरी नवरीला हळद लावायला मुहूर्त बघतात, सुवासिनी बोलावतात. इथं ती न बोलावता लागते आहे.

माझ्याबरोबर पुतण्या होता. त्याच्या मनातली गाडी निराळी. तिची मागची सीट पुढच्यापेक्षा हातभर उंच, पुढचा माणूस टाकीवर ओणवा, आणि मागचा जणू कुणाच्या तरी वरातीत उगाच वर चढवून ठेवलेला. "काका, बघा तर एकदा बसून," तो म्हणाला. मी बसलो. समोर मीटरवर आकडे लुकलुकत होते, फोन आला तरी तिथंच दिसेल म्हणे. मागं वळून पाहिलं तर सीट कुठं संपते ते कळेना. म्हटलं, "इथं तुझ्या आजीला कसं बसवायचं?" या प्रश्नाला ब्लूटूथमध्ये उत्तर नव्हतं.

शेवटी घेतली ती साधी, शंभर सीसीची, लांब सपाट सीटची. खरं तर शंभरही नाहीत, ९७.२. हा आकडा मला फार आवडतो. एवढा नेमका आणि एवढा कमी आकडा मिरवायला एक प्रकारची सज्जनता लागते. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली तिचं इंजिन एवढंच होतं, १९९४ च्या स्प्लेंडरचंही तेवढंच. सरकारं बदलली, १९९९ मध्ये परभणीतून आमचा जिल्हा वेगळा झाला, गाडीच्या नंबराला एमएच ३८ आलं, हिरो आणि होंडा वेगळे झाले. हे मात्र ९७.२ वर ठाम. आणि गंमत म्हणजे ते उभं नसतं. १९५८ साली जपानात होंडानं सुपर कब काढली, तिच्यातही असंच इंजिन जवळजवळ आडवं ठेवलेलं होतं. दुपारी जेवून ओट्यावर कलंडलेल्या माणसासारखं ते पडून असतं, आणि पडल्या पडल्याच सगळ्या घराचं काम करतं. असा माणूस मी प्रत्यक्षात अजून पाहिलेला नाही.

आमच्या लहानपणी गावात मोटरसायकल येई ती ढोरांच्या डॉक्टरांची. राजदूत. तिला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पाजावं लागे, त्यामुळे ती दिसायच्या आधी आवाज यायचा आणि गेल्यावर निळा धूर बराच वेळ बाभळींत अडकून राहायचा. एकदा माय तापानं फणफणली. पावसानं एसटी बंद होती. डॉक्टर कुणाची तरी अडलेली म्हैस मोकळी करून निघाले होते. त्यांनी मायला मागं बसवलं आणि हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. ताप उतरला, पण ती सफर काही तिच्या अंगातून उतरली नाही. पुढं कित्येक वर्षं कुठल्याही आजाराचा विषय निघाला की ती आधी वाऱ्याबद्दल सांगायची. पदर दातात धरला होता, डोळे मिटले होते, आणि वारा कसा कानात शिरत होता. औषध कोणतं दिलं हे तिला कधीच आठवलं नाही.

म्हणून नव्या गाडीवर मागं पहिली बसली ती मायच. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि आम्ही औंढ्याला नागनाथाच्या पायी गाडी घालायला निघालो. नामदेव महाराज आमच्या नरसीचे. ते पायी पंजाबात घुमानपर्यंत गेले. आम्ही नेटवर्क येत नाही म्हणून गल्लीच्या टोकापर्यंतही किक मारतो. औंढ्याला देवळासमोर कीर्तनाला मज्जाव झाला म्हणून महाराज मागं जाऊन गायला लागले, तेव्हा अख्खं देऊळ फिरलं अशी कथा. त्या देवळाजवळ हार घातलेल्या गाड्यांची अशी दाटी होती की मला माझी ११० किलोची गाडी फिरवता येईना. माय मागून शांतपणे म्हणाली, "देवाला हाक मार, तो फिरवतो." परतताना ती एका अंगाला बसून, साडी गार्डवर पाय नीट टेकवून, सीटचा उरलेला भाग हातानं चाचपत राहिली. घरी उतरल्यावर निकाल दिला, "जागा लई हाय. आणिक एक लेकरू बसलं असतं की."

तिचं हे बोलणं गल्लीनं ऐकलं असावं. भारी गाडी मागायला लोक बिचकतात. साधी गाडी सगळ्यांना चालवता येते, म्हणून ती सगळ्यांची असते. "सर, जरा गाडी देता का," एवढं म्हटलं की किल्ली खुंटीवरून निघते. ती दवाखान्यात जाते, बियाणं आणते, फवारणीचा पंप वाहते, एकदा तर सोयरीक बघून आली आणि ती जमलीसुद्धा. सीटवरचं प्लास्टिक मी अजून काढलेलं नाही, पण ते आपोआप झिजत चाललं आहे. "ॲव्हरेज किती देते?" असं जो तो विचारतो. काय सांगणार? टाकी मी भरतो आणि ती दुसऱ्याच्या शिवारात संपते. कधी उलटही होतं. मोकळी दिलेली टाकी भरून येते, आणि कुणी भरली ते कुणी सांगत नाही.

मागच्या आठवड्यात सेनगावहून एसटी चुकली. फाट्यावर उभा होतो, तर समोरून माझीच गाडी आली. पुढं गल्लीतला एक, मागं एक अनोळखी पाहुणा, मध्ये ढेपेचं पोतं. ब्रेक लागला. "सर, तुम्ही हितं? पोतं टाकीवर घ्या हो पाव्हणं, सरका पुढं, सर बसतेत." पाहुण्यांनी पोतं पुढं ढकललं, स्वतः पुढं सरकले, आणि मागं खरंच एकाची जागा झाली. गाडी निघाली. थोडं अंतर गेल्यावर पाहुणे मान वळवून अदबीनं म्हणाले, "गाडी बेस हाय. सर, तुम्हीबी अशीच घ्या एक."