पोच

कंपनीचा धंदा माणसाचा आवाज इकडून तिकडे पोहोचवण्याचा. आणि तिथल्या माझ्या प्रत्येक मुलाखतीचं पहिलं वाक्य होतं, "आवाज येतोय का?"

येत नव्हता. म्हणजे त्यांचा मला येत होता, माझा त्यांना जात नव्हता. मग माझा त्यांना जायला लागला, तर त्यांचा मला यायचा थांबला. पाच-सात मिनिटं आम्ही एकमेकांना हातवारे करून दाखवले आणि शेवटी समोरच्याने अंगठा आणि करंगळी कानाला लावून 'फोनच करतो' अशी खूण केली. वर ही सगळी मुलाखत चालली होती दुसऱ्याच कंपनीच्या व्हिडिओ अ‍ॅपवर. खाणावळीच्या मालकाने स्वतःचा डबा शेजारच्या खाणावळीतून मागवावा, तसं. कंपनीचं नाव सांगत नाही. हिंजवडीत काचेची इमारत आहे, एवढं सांगून काहीच कळणार नाही याची मला खात्री आहे.

ही गोष्ट २०२३ च्या पावसाळ्यातली. वय सेहेचाळीस, बावीस वर्षं टेलिफोनच्या सॉफ्टवेअरमध्ये गेलेली. आधीच्या कंपनीने 'रीस्ट्रक्चरिंग' केलं. त्यात स्ट्रक्चर राहिलं, मी गेलो. दोन आठवड्यांत एचआरमधल्या मुलीचा फोन.

"सर, नोटीस पिरियड किती?"

"शून्य."

"म्हणजे इमिजिएट जॉइनर!" फ्लॅट रेडी पझेशन आहे म्हटल्यावर गिऱ्हाईक जसं खुलतं, तशी ती खुलली. "मग लगेच सुरू करू सर. खूप अर्जंट आहे. याच आठवड्यात पोझिशन क्लोज करायचीय."

हे वाक्य लक्षात ठेवा.

पहिली फेरी ऑनलाइन परीक्षेची. दीड तास कॅमेऱ्यासमोर मान न हलवता बसायचं. खिडकीकडे पाहिलं की ताकीद, खाली पाहिलं की ताकीद. मध्येच स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली: खोलीत दुसरा आवाज आढळला. साऱ्या प्रकरणात आमच्या घरचा आवाज त्यांच्यापर्यंत स्वच्छ पोहोचला तो एवढाच.

दुसऱ्या फेरीत झाड उलटं करायचं होतं. या धंद्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की प्रोग्रामरच्या मुलाखतीत गेली कित्येक वर्षं हे झाड उलटं केलं जातंय. संगणकातलं झाड मुळातच उलटं: मूळ वर, फांद्या खाली. पंधरावा अध्याय लहानपणी पाठ करून घेतलेला असल्याने मला त्या अश्वत्थाचं भय नव्हतं. पण इथे उलटं करणं म्हणजे डावीकडच्या फांद्या उजवीकडे आणि उजवीकडच्या डावीकडे. ते मी केलं. बावीस वर्षांत नोकरीत कुणी करायला सांगितलं नव्हतं, आणि मिळाली असती तर याही नोकरीत कुणी सांगितलं नसतं. मॅक्स हॉवेल नावाच्या माणसाने मॅकवर सॉफ्टवेअर बसवायचं 'होमब्रू' हे साधन लिहिलं; ते वापरणाऱ्या गूगलनेच त्याला नाकारलं आणि कारण हेच झाड, असं त्याने २०१५ साली जाहीर लिहिलं होतं. मी उलटं करू शकलो. त्यामुळे हॉवेलपेक्षा मी श्रेष्ठ ठरलो आणि पुढच्या फेरीत गेलो.

तिसऱ्या फेरीत "पुण्यात पेट्रोल पंप किती?" असा प्रश्न आला. असल्या कोड्यांतून माणसाची पारख होत नाही, तो निव्वळ वेळेचा अपव्यय आहे, अशी कबुली गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ साली देऊन टाकली होती. दहा वर्षांत ती वाकडच्या पुलापर्यंत आली असावी आणि तिथल्या ट्रॅफिकमध्ये अडकली असावी. मी काहीतरी आकडा सांगितला. समोरच्या पोराने तो टाइप केला. मग "एर्लांग माहीत आहे का?" म्हणून विचारलं. मी उत्साहाने कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नर एर्लांगबद्दल बोलायला लागलो. एका वेळी किती लोक फोन उचलतील आणि त्यासाठी किती तारा ओढाव्या लागतील, याचं गणित या डॅनिश माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. पोरगा गोंधळला. त्याला त्या माणसाचं नाव दिलेली, एरिक्सनमध्ये जन्मलेली प्रोग्रामिंगची भाषा हवी होती. टेलिफोनच्या कंपनीत एर्लांग हा माणूसही असू शकतो, हे त्याच्या प्रश्नपत्रिकेत नव्हतं.

खरी रंगली ती चौथी फेरी. विषय एसआयपी. मराठी माणसाला एसआयपी म्हटलं की म्युच्युअल फंड आठवतो. हा तो नव्हे. हा सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल, म्हणजे फोन कसा लावायचा, कसा उचलायचा, कसा ठेवायचा याचे नियम. तुमच्या ४जी फोनवरून आईला केलेला साधा कॉलही याच भाषेत लावला जातो. यात प्रत्येक उत्तराला आकडा असतो. १०० म्हणजे निरोप मिळाला, खटपट चालू आहे. १८० म्हणजे घंटी वाजतेय. २०० म्हणजे उचलला. ४८६ म्हणजे हा फोन कामात आहे, ६०० म्हणजे माणूस सगळीकडेच कामात आहे, आणि ६०३ म्हणजे सरळ 'नको'. मला हा नियमग्रंथ फार आवडतो, कारण त्यात नकारालाही जागा आहे. समोरचा नको म्हणू शकतो. मूग गिळून बसू शकत नाही.

"आणि उत्तरच आलं नाही तर?" मुलाखत घेणाऱ्याने विचारलं. सव्वीस-सत्तावीसचा असेल. हुशार वाटला.

"अर्ध्या सेकंदाने पुन्हा पाठवायचं," मी म्हणालो. "मग थांबण्याचा वेळ दर वेळी दुप्पट करायचा. एक सेकंद, दोन, चार, असं करत एकूण सात वेळा. बत्तीस सेकंद झाले की आशा सोडायची."

"परफेक्ट, सर," तो म्हणाला. आमचं इतकं जमलं की त्याने स्वतःच्या कामातली एक अडचणही मला विचारून घेतली, आणि मी ती फुकटात सोडवून दिली.

पाचवी फेरी सिस्टिम डिझाइनची. 'फाइव्ह नाइन्स' हवेत, म्हणजे यंत्रणा ९९.९९९ टक्के वेळ चालू पाहिजे. वर्षभरात बंद पडायची मुभा सव्वापाच मिनिटं. आमचं बोलणं अजून चालू होतं तेव्हाच पलीकडचा व्हिडिओ गोठला आणि वीस मिनिटं गोठलेलाच राहिला. पुढच्या जवळजवळ चार वर्षांचा कोटा त्यांनी एका दुपारी संपवला. सहाव्या फेरीत मॅनेजर होते. पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता, असं त्यांनी विचारलं. एक्कावन्नाव्या वर्षी, असं मी म्हणालो नाही.

"खूप छान झालं सर," एचआरमधली मुलगी फोनवर म्हणाली. "दोन-तीन दिवसांत कळवते."

त्यानंतर शांतता.

संभाषणात आवाज एका बाजूने जायला दीडशे मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर बोलण्याची लय बिघडायला लागते, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस सांगते. मी आठवडाभर थांबलो. मग ठरवलं की माणसं नाही तर नाही, निदान त्यांचा प्रोटोकॉल पाळू. फक्त अर्ध्या सेकंदाच्या जागी एक दिवस धरला. पहिली मेल पाठवली. एका दिवसाने दुसरी. मग दोन दिवस थांबून, मग चार, आठ, सोळा, बत्तीस. सात मेल झाल्या. चौसष्टाव्या दिवशी नियमानुसार आशा सोडली. १०० नाही, १८० नाही, ६०३ सुद्धा नाही.

इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या मंडळींनी १ एप्रिल १९९० रोजी गंमत म्हणून कबुतरांकरवी डेटा पाठवायचा नियम लिहिला होता. २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या हौशी लोकांनी तो खरोखर करून पाहिला. नऊ निरोप धाडले, चारांची उत्तरं आली, एक सोडून बाकी सगळ्यांना तासाहून जास्त वेळ लागला. नऊपैकी चार. पक्षी.

मुलाखतीची तुलना कांदेपोह्यांशी करायची आपल्याकडे जुनी खोड आहे. मला ती पटत नाही. पोहे खाऊन गेलेली मंडळी आठवडाभरात मध्यस्थाकरवी "पत्रिका जुळत नाही" म्हणून कळवतात. पत्रिका बघितलेलीच नसते, हे दोन्ही घरांना ठाऊक असतं. पण कळवतात. शिवाय मुलीकडच्यांना सहा वेळा पोहे करायला लावत नाहीत.

माझे वडील पोस्ट अँड टेलिग्राफ खात्यात होते. साताऱ्याच्या तारघरात आयुष्य काढलं. जुलै २०१३ मध्ये देशातली तार बंद झाली त्या दिवशी घरात कुणाशी बोलले नव्हते. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते रोज चहाच्या वेळी विचारायचे, "उत्तर आलं का रे?"

"नाही, बाबा."

"उत्तर राहू दे. पोच?"

"पोचही नाही."

"पोचच नाही या लोकांना," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला. मिळाल्याची पावती आणि चारचौघांत वागायची अक्कल, दोन्हींना एकच शब्द ठेवणाऱ्या पूर्वजांचे मी त्या क्षणी मनोमन आभार मानले.

पासष्टाव्या दिवशी बाबांनी मला पोस्टात पाठवलं. पत्राचा मजकूर त्यांचाच, तारेच्या सवयीने बेताचा: सहा मुलाखती दिल्या, निर्णय कळला नाही, कळवावे. रजिस्टर एडी. पाकिटाला मागे पोचपावतीचं कार्ड त्यांनी स्वतः चिकटवलं, डिंकाने, चारी कोपरे दाबून.

नवव्या दिवशी कार्ड परत आलं. बाबांनी चष्मा पुसून ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि देवघराशेजारच्या खिळ्याला, विजेच्या बिलांच्या वर, अडकवून ठेवलं. त्यावर कंपनीचा शिक्का आहे, तारीख आहे, आणि गेटवरच्या वॉचमनची सही आहे, अगदी स्वच्छ अक्षरात. शेजारी कुणी मागितली नसताना त्याने वेळही घातलीय: सकाळी १०.४०.