आतूनराव

तुमच्या ओळखीत एक आतूनराव असणारच. ते गाडीत पुढच्या सीटवर बसतात, आणि गाडी सोसायटीच्या गेटबाहेर पडायच्या आत म्हणतात, "आतून घ्या." आमचे आतूनराव सातपूरचे. खरं आडनाव वेगळं आहे, पण ते आता फक्त लाइटबिलावर उरलंय.

सातपूरहून सीबीएसला जायला त्र्यंबक रोड आहे. नाकासमोर चालत राहिलं तरी माणूस पोचतो. आतूनरावांच्या मते मात्र हा रस्ता बाहेरगावच्या लोकांसाठी. "एबीबी सर्कलला अडकाल, मायको सर्कलला अडकाल. आतून घ्या." मग अशोकनगर, श्रमिकनगर, कुणाच्या तरी हळदीचा मांडव, एक हातगाडी मागे घ्यायला लावणं, आणि कसाबसा गंगापूर रोड. आनंदवल्ली आली की राघोबादादांचा वाडा इथं होता, हे सांगण्यासाठी गाडी हळू करायची. सीबीएसला पोचेस्तोवर आमची एसटी सुटलेली असते. आतूनराव मात्र गड जिंकल्यासारखे उतरतात. "पण कुठं अडकलो का?"

बोलणंही आतूनच. त्यांना आमची शिडी हवी असली की सुरुवात पावसापासून होते. पावसावरून गंगापूर धरण किती टक्के भरलं, धरणावरून पूर्वीच्या बांधकामांचा दर्जा, त्यावरून हल्लीचे स्लॅब, मग त्यांचा स्लॅब, मग गळती. चपला पायात सरकवताना, अगदी आत्ताच आठवल्यासारखं, "अरे हो, तुमची ती शिडी…" आमची ही आता 'पाऊस' शब्द ऐकताच शिडी दाराशी आणून ठेवते. तरी धरण भरल्याशिवाय ते शिडीला हात लावत नाहीत.

एकदा चिडून म्हटलं, "सरळ जाण्यात तुमचं काय बिघडतं?" तर त्यांनी साक्षीला थेट गोदावरीच काढली. "ब्रह्मगिरीवरून पश्चिमेचा समुद्र किती? ऐंशी किलोमीटर. आणि बाई निघाली कुठं? राजमहेंद्रीवरून थेट पूर्वेच्या समुद्राला! चौदाशे पासष्ट किलोमीटर! सरळ गेली असती, तर नाशिक असतं का?" सह्याद्रीच्या माथ्यापासून जमीनच पूर्वेकडे उतरते, नदीला दुसरा इलाज नव्हता, हे मी सांगायला गेलो. "तेच म्हणतोय," ते म्हणाले, "तिनं आतून घेतलं."

वर निवृत्तिनाथही होतेच. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, पळापळीत निवृत्तिनाथांची चुकामूक झाली, ते एका गुहेत शिरले आणि तिथं गहिनीनाथ भेटले, ही कथा इकडे सगळ्यांनाच ठाऊक. "सरळ घरी गेले असते, तर गुरू भेटला असता का?" आता यावर कोण काय बोलणार? माझी एसटी चुकल्यावर मला आजवर फक्त चहावाला भेटलाय.

हल्ली मात्र त्यांचे दिवस वाईट आले होते. २०२७च्या सिंहस्थासाठी शहरात जिथं तिथं कामं निघाली, आणि 'रस्ता बंद, पर्यायी मार्गाचा वापर करा' असे फलक लागले. म्हणजे सरकारी शिक्क्यासह सगळ्या नाशिकलाच आतून घ्यायला सांगितलं. ज्या बोळात आतूनरावांचं एकट्याचं राज्य, तिथं आता ट्रॅक्टर, टँकर आणि स्कूलबस नाकाला नाक लावून उभ्या. एखाद्याच्या घराण्याचं गुपित पेपरात छापून यावं, तसे ते हिंडत होते. मग सावरले. "याच्याही आतून एक आहे," असं परवा म्हणाले.

हा माणूस असा का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर धरणापासून सुरू झालं असतं. वहिनींनी ते एका वाक्यात सांगितलं. "अहो, तीस वर्षं त्र्यंबक रोडनंच गेले, भोंग्याच्या आत." एमआयडीसीत लेथवर होते. पाच मिनिटं उशीर म्हणजे लेटमार्क, जास्त झाला की हाफ डे. ड्यूटीच्या वाटेवर म्हणे ते सायकलवरून शेजाऱ्यालाही मान हलवत नसत. पुढं कंपनी बंद पडली. भोंगाही गेला. आता त्यांना कुठंच वेळेवर पोचायचं नसतं, आणि बोळाबोळात मान हलवायची बाकी राहिलेली माणसं भेटतात. निम्मी नाव विसरलेली असतात, पण गाडीला टेकून बोलतात.

मंगळवारी ते आले. पाऊस झाला, शिडी दाराशी आली, धरण भरलं. गोदावरी राजमहेंद्रीला पोचली तरी स्लॅबचं नाव नाही. चपलांपाशी थांबून एकदाचं निघालं: गुडघा फार दुखतो, शुक्रवारी कॉलेज रोडच्या डॉक्टरांची अकराची वेळ मिळालीय, रिक्षात चढवत नाही.

नेतो म्हणालो. इथून वीस मिनिटांचा रस्ता. साडेनऊला निघायचं ठरवलंय.