ना ट्रक, ना रोबो

मंगळवारी बाजारात कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून बघितली, देठ मोडून वास घेतला, तरी भाजीवाली काही म्हणत नाही. खेळण्याच्या दुकानात ही सोय नाही. नागपुरात सदरच्या रेसिडेन्सी रोडवरच्या एका दुकानात लाल-निळ्या रोबोचं खोकं हातात घेऊन मी विचारलं, “याचे सांधे खटक्याचे आहेत की नुसते दाबून बसवलेले?” दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे आणि मग शेजारी उभ्या असलेल्या भाच्याकडे. गिऱ्हाईक नेमकं कोण, हे त्याला ठरवता येईना.

“दोन मिन्टात ट्रक होते भाऊ,” तो शेवटी म्हणाला. “पोट्टे तं डोळे मिटून करते.”

खोक्यावर आयएसआयचा शिक्का होता. १ जानेवारी २०२१ पासून तो खेळण्यांना सक्तीचा झाला आहे. वयोगट लिहिला होता ‘आठ वर्षे व त्यापुढील’. भाचा आठवर बसत होता आणि ‘त्यापुढील’मध्ये मी. कंपनीचं नाव सांगत नाही. तिचं-माझं काही भांडण नाही.

या जातीच्या खेळण्यांचं कूळ जपानचं. टाकारा कंपनीने १९८० मध्ये ‘डायाक्लोन’ नावाची मालिका काढली. त्यात बोटाच्या पेराएवढे चालक असत, त्यांच्या तळपायांना लोहचुंबक असे आणि ते यंत्रांच्या पोटात बसून लढत. यंत्र नुसतं यंत्र होतं, जीव चालकाचा. १९८४ मध्ये अमेरिकेच्या हॅस्ब्रोने त्यातलीच बरीच खेळणी ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने बाजारात आणली, रोबोंनाच नावं-स्वभाव दिले आणि चालकाला घरी बसवलं. यंत्रांमुळे नोकऱ्या गेल्याची एवढी चर्चा होते, पण या चिमुकल्याबद्दल कोणी हळहळल्याचं ऐकलं नाही.

त्या पहिल्या खेपेतला पुढारी म्हणजे ऑप्टिमस प्राइम, लाल केबिनचा ट्रक. जपानी रचनाकार शोजी कावामोरी हे त्याच्या घडणीशी जोडलेलं एक नाव. लढाऊ विमानाचा रोबो करणारी ‘मॅक्रॉस’ या कार्टून मालिकेतली वाल्किरीही त्यांचीच, आणि रचना जमते की नाही हे ते लेगोचे ठोकळे जोडून बघतात. ऑप्टिमसमधली खरी अक्कल एका जागी आहे: ट्रकच्या समोरच्या काचा हीच रोबोची छाती. तो भाग हलत नाही, लपत नाही, तरी ट्रकमध्ये काच वाटतो आणि रोबोत छाती. बाकी सगळं वळवा, दुमडा, फिरवा. ओळख तिथे पटते. पुढे कित्येक कारागिरांनी खऱ्या काचा पाठीमागे दडवून पुढे खोट्या काचांची छाती लावली. दिसायला ती झकास दिसते, पण मला ते जावयाने उसन्या कोटात फोटो काढल्यासारखं वाटतं.

मूळ खेळण्यात खोडीही होत्या. मुठी वेगळ्या काढून ठेवाव्या लागत, म्हणजे ज्या घरात पोरं आणि झाडू दोन्ही आहेत त्या घरात हा सेनापती लवकरच बिनहाताचा होणार. शिवाय मागचा ट्रेलर. कार्टूनमध्ये रोबो उभा राहिला की ट्रेलर बाजूला घरंगळत जायचा आणि दिसेनासा व्हायचा. कुठे जायचा, हे जगभरच्या पोरांना पडलेलं कोडं आहे. सदरमध्ये राहणाऱ्याला ते पडत नाही. रस्त्याच्या कडेला लावलेलं वाहन पाच मिनिटांत दिसेनासं होण्यात आम्हाला नवल नाही. नेमकं कोणत्या ठाण्यात चौकशी करायची एवढंच विचारायचं असतं.

घरी आल्यावर मी विकत आणलेलं खेळणं परीक्षेला बसवलं. रोबो म्हणून ते उजवं आहे. खांद्याचा सांधा कट-कट करत टप्प्याटप्प्याने वळतो, हात आडवा धरला तर आडवाच राहतो. गुडघे नव्वद अंशांपर्यंत वाकतात. घोटा मात्र ढिला. जरा झुकवला की महाशय तोंडावर. गोल सांधा असा सैल पडला तर त्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ हात द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि मग बसवायचा, म्हणजे पकड येते. हा उपाय जगभरचे शौकीन करतात. मी बहिणीकडे नेलपॉलिश मागितलं तेव्हा कारण सांगेपर्यंत घरात जी शांतता पसरली, ती वेगळी.

ट्रक म्हणून समोरून बघाल तर खुश व्हाल. मागून बघू नका. मागे दोन पाय जवळ घेऊन पडलेला माणूस स्वच्छ दिसतो आणि टपाच्या फटीतून त्याची बोटं डोकावतात. डोकं आत वळवताना एक बिजागरी इतकी ताणली जाते की तिथलं निळं प्लॅस्टिक पांढुरकं पडतं. तो डाग दिसला की समजावं, आता हात आवरता घ्यावा. कागदावरच्या कृतीत बाणांची चित्रं आहेत, पण एका चित्रात हात बाहेर आहेत आणि पुढच्यात ते आत गेलेले. मधे काय घडलं ते चित्रकार आणि परमेश्वर जाणे. शेवटी सगळे तुकडे बसले की ‘खट्ट’ असा एक आवाज येतो. त्या आवाजासाठी मी पैसे दिले असं माझं मत आहे.

मी माझा निकाल तयार केला: रोबो पहिला वर्ग, ट्रक दुसरा वर्ग, रूपांतर काठावर पास.

भाच्याने तो निकाल वाचलाही नाही. त्याने खेळण्याचा कमरेखालचा भाग ट्रकचा ठेवला, एक हात बाहेर काढून पुढे वाकवला, डोकं आतच राहू दिलं आणि फरशीवर सांडलेले राजमे उकरायला सुरुवात केली.

“काहून रे असं अर्धवट ठेवलं?”

“अर्धवट नाही मामा. तो जेसीबी आहे.”

मग माझ्या लक्षात आलं की गेल्या दहा वर्षांत नागपुरात वाढलेल्या पोराचा खरा नायक ट्रकही नाही आणि रोबोही नाही. तो पिवळा आहे आणि खोदतो. मेट्रो झाली, सदरवरून उड्डाणपूल गेला, आणि इथून जवळच गड्डीगोदामला तर खाली रस्ता, त्यावर रेल्वे, तिच्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, असा चार मजली प्रकार उभा राहिला. तिथे रेल्वेवरून लोखंडी सांगाडा सरकवला, त्याचं वजन सोळाशे टनांच्या वर होतं. हा टप्पा ज्यात येतो तो कामठी रोडवरचा दुमजली पूल २०२४ च्या ऑक्टोबरात वाहनांना खुला झाला. तोवर या पोराने आपलं शहर सदैव अर्धंच पाहिलेलं. एक हात बाहेर, डोकं आत, आजूबाजूला पत्र्याचं कुंपण. त्याला अर्धवट म्हणजे बिघडलेलं असं वाटेलच कशाला?

आणि मग माझ्या परीक्षेतला प्रश्नच मला थोडा तिरका वाटू लागला. आम्ही दोन टोकांना गुण देतो. पण पोराच्या हातात हे खेळणं बहुतेक वेळ मधेच कुठेतरी असतं. तिथे जितके थांबे जास्त, तितकं खेळणं मोठं. आमच्या रोबोत जेसीबी सापडला, उताणा केला तर रणगाडा सापडला, पाय फाकवून कोंबडीही सापडली. ही कोंबडी कागदावर नव्हती.

याउलट आमच्याकडचा लाकडी बैल. नागपूरकराला तान्हा पोळा समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो की बैलांच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ज्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते त्याच दिवशी, पोरं चाकांवरचे लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, वसूल करतात. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये ही चाल पाडली असं सांगतात. या बैलाला सांधा एकही नाही. मान वळत नाही, गुडघा वाकत नाही, नेलपॉलिश लागत नाही. माझ्या कोष्टकात तो सरळ नापास. तरी दोनशे वर्षं पोरांच्या हातातून सुटलेला नाही, कारण त्याला दोरी आहे आणि जायला गल्ली आहे.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला भाच्याने बैलाला झूल घातली, शिंगांना बेगड लावला आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला रोबो बांधला. त्याचे हातपाय खाली टेकवलेले, पाठ आडवी, डोक्यावर बेगडाचा उरलेला तुकडा. शेजारच्या काकूंनी दोघांना ओवाळलं, कुंकू लावलं आणि चष्मा वर करून विचारलं, “हा कोणत्या जातीचा बैल रे बाबा?”

“सध्या बैलच आहे, काकू,” भाचा म्हणाला आणि दोन बैलांचा बोजारा मागून मोकळा झाला.